दोन बोटं माया

४ ऑगस्ट

ताई,

मी धडधाकट आहे, वेळेवर जेवतो, कोणाशी भांडण नाही. हे आधी लिहितो म्हणजे पुढचं तू बसून वाचशील.

मला काम लागलंय, सिनेमात. आधी लाईट उचलायला होतो, आता खुनी आहे.

नीट सांगतो. सिनेमाचं नाव ‘धुरांड्यातून आला, भाग दुसरा’. नाताळच्या दिवसांत लाल कपडे आणि पांढरी दाढी लावून एक जण घराघरांत शिरतो आणि खेळणी वाटायची सोडून माणसं मारतो. पहिल्या भागात शेवटी तो धुरांड्यात अडकून जळून मेला. मेलेला माणूस दुसऱ्या भागात कसा आला, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. डायरेक्टर म्हणाले, तू लाईट धर.

पहिल्या भागात जे नट खुनी होते त्यांना इथे सगळे ‘मोठे’ म्हणतात. त्यांचं नाव यावेळीही पाटीवर आहे, पण धावणं, पडणं, खिडकीतून उडी मारणं त्यांना आता झेपत नाही. खुन्याचं तोंड जळलेलं असल्यामुळे मुखवटा आणि वर दाढी, त्यामुळे आत कोणीही चालतं. अडचण एवढीच की लाल पोशाख एकच आहे. रक्ताचे डाग जावेत म्हणून कोणीतरी शहाण्याने तो उकळत्या पाण्यात टाकला आणि तो आटला. सगळ्यांनी घालून पाहिला. कॅमेरावाल्याच्या तर दंडातच अडकला, कापूनच काढावा लागतो की काय असं झालं. मला मात्र अंगाबरोबर बसला. वाळका असण्याचा जन्मात पहिल्यांदा उपयोग झाला.

पण हात वर केला की काखेत उसवतो, आणि खुन्याला हात वर करावाच लागतो. मी बोलून गेलो की माझे वडील शिंपी आहेत, ते असा शिवतील की बघत राहाल. आता सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत.

म्हणून हे पत्र. फोन केला असता, पण फोन दुकानात, बाबांच्या मशीनच्या बाजूला. उचलणार तेच. मी छापखाना सोडून आलो त्या दिवशी ते काय म्हणाले ते तू ऐकलंयस. “बेकरी झाली, गॅरेज झालं, माझी मशीन झाली, आता छापखाना. एक तरी काम शेवटापर्यंत नेल्याशिवाय मला तोंड दाखवू नकोस.” मी दाखवलेलं नाही. फोनवर तोंड दिसत नाही, तरी नको.

तू त्यांना एवढंच सांग की मी एका मोठ्या दुकानात लागलोय, नाताळात नाताळबाबा होऊन पोरांना खेळणी देणार आहे. खुनाचं काही बोलू नकोस. कापड इथून पाठवतोय. उजव्या बाहीत आतून हातभर लांब खिसा पाहिजे, त्याला खाली चामड्याचं अस्तर. त्यात सळई राहते, धुरांड्यातले निखारे सारायची. रबरी आहे, घाबरू नकोस. आणि छातीवर पांढरी लोकरीची पट्टी चांगली रुंद. लाल कपड्यावर लाल रक्त दिसतच नाही हे त्यांच्या पहिला भाग अर्धा झाल्यावर लक्षात आलं.

उत्तर इथल्या पत्त्यावर. माझी पत्रं मी इस्त्रीवाल्याच्या नावाने टाकत जाईन, तो तुला देईल.

भुंग्या

१३ ऑगस्ट

भुंग्या,

इस्त्रीवाल्याने पत्र दिलं आणि दारातच उभा राहिला. “बरा आहे ना पोरगा?” म्हणाला. मी म्हटलं, नोकरीला लागला. “किती दिवसांसाठी?” म्हणाला. गल्लीत तुझी अशी कीर्ती आहे.

बाबांना सांगितलं. हातातलं शर्टाचं काम थांबवलं नाही. शिवता शिवता म्हणाले, “पोरांना खेळणी देतो? त्याला स्वतःला कधी एका खेळण्याशी तासभर बसवलं नाही मला.” मग कापडाचं बोचकं उघडून बोटांत चोळून बघितलं. “धुतलं की रंग सोडणार हे. आधी भिजवून घ्यावं लागेल.” म्हणजे शिवणार, हे मला तेव्हा कळलं.

तुझं माप पाठवायला सांगू का विचारलं तर म्हणाले, “त्याने घेतलेलं माप धरलं तर पोशाख म्हशीला होईल. मला माहीत आहे त्याचं. डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली आहे, लहानपणापासून. सगळे शिंपी ते विसरतात आणि मग कॉलर वाकडी दिसते. छाती फक्त विचार. वाळला की भरला?” मी तुझ्या वतीने वाळला असं सांगून ठेवलंय.

बाहीतल्या खिशापाशी मात्र अडले. “हा कशाला?” मी सांगितलं, खेळणं एकदम काढून दाखवायला, पोरं दचकतात. “आणि चामडं?” मी म्हटलं, खेळण्यांना टोकं असतात. माझ्याकडे बघत राहिले आणि मग “बरं” म्हणाले. छातीवरच्या रुंद पांढऱ्या पट्टीवर म्हणाले की पोरांच्या हाताने दोन दिवसांत घाण होईल, काढून धुता यावी म्हणून आतून बटणं लावू. बघ, तुझं रक्त धुवायचीही सोय झाली.

मला हे खोटं बोलायला लावतोयस ते मी लक्षात ठेवलंय.

कापड भिजवून वाळवून झालं. परवापर्यंत बेतून होईल. भिऊ नकोस, नीट होईल.

तू खरंच पडतोस का पायऱ्यांवरून वगैरे? खाली गाद्या टाकतात ना?

ताई

२ सप्टेंबर

ताई,

पोशाख मिळाला. घालून आरशासमोर गेलो तर आरशातल्याला मीच दबकलो. हात वर केले, खाली वाकलो, भिंतीवर चढलो, कुठे टाका हलला नाही. डायरेक्टरनी मला गोल फिरवून बघितलं आणि म्हणाले, हा तर पहिल्या भागापेक्षा चांगला आहे. त्यांनी पहिल्यांदाच काहीतरी चांगलं आहे म्हटलं, ते पण कपड्याला.

खिशात तुझ्या अक्षरातली चिठ्ठी निघाली ती मेकअपवालीच्या हाती लागली. तिने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली, “दोन्ही कुशींना आत दोन बोटं माया ठेवली आहे. लागेल तेव्हा सोडवून घे.” आणि मला म्हणाली, “तुमच्या घरी माया बोटांनी मोजून देतात का रे?” सगळं युनिट हसलं. मी तिला सांगितलं की शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, पुढे माणूस अंगाने भरला तर उसवून वाढवता यावं म्हणून, त्याला माया म्हणतात. ती म्हणाली, “आणि संपली की?” मी म्हटलं, मग नवीन कपडा. तेव्हापासून ती मला पुऱ्या सेटवर ‘दोन बोटं’ म्हणून हाक मारते.

इथली मजा सांगतो. घर निर्मात्याच्या मामाचं आहे. मामा वरच्या मजल्यावर राहतात आणि कोणी किंकाळी मारली की वरून काठी आपटतात. रात्रीचे प्रसंग आम्ही दिवसाच घेतो, खिडक्यांना काळे पडदे लावून. बर्फ म्हणजे साबणाचा फेस आणि बारीक फाडलेला कागद. रक्त साखरेच्या पाकात रंग घालून करतात, त्यामुळे मेलेल्या माणसाला मुंग्या लागतात आणि मेलेला माणूस खाजवतो. काल एक मुडदा तीन वेळा उठला. मी आत्तापर्यंत चौघांना मारलंय. चौघंही जेवताना माझ्या शेजारी बसतात.

मला चालायला लावतात सारखं. लांब बोळातून कॅमेऱ्याकडे हळूहळू. डायरेक्टर म्हणतात, तुझ्या चालण्यातच काहीतरी आहे, धड सरळ नाही, भीती वाटते. तो खांदा असणार.

आता खरी बातमी. शेवट बदललाय. शेवटी खुन्याचा मुखवटा ओढून काढतात आणि तोंड दिसतं, अख्ख्या पडद्याएवढं. मेकअपवाली माझ्या गालावर भाजल्याचे डाग करून बघत होती. ताई, बाबा म्हणाले होते ना तोंड दाखवू नकोस. काम पुरं करीन आणि मग असं दाखवीन की मागच्या बाकावरच्या माणसालाही दिसेल. मग खुनाचं कळलं तरी चालेल, असं मला वाटायला लागलंय.

शेवटासाठी अजून एक पोशाख लागेल, अगदी तसाच. खुन्याला जाळणार आहेत. कापड पाठवतोय.

आणि एक विचारायचं होतं. खांदा बाबांचा आहे, बटणांची काजं बाबांची आहेत, ते मी डोळे मिटून ओळखीन. पण पुढच्या भागाचा काप त्यांचा नाही. त्यांची कात्री एका दमात जाते. ही थांबत थांबत गेलीय, आतल्या कडेला दात दिसतात. कोणी बेतलं?

भुंग्या

१२ सप्टेंबर

भुंग्या,

मशीनवर चार महिनेही न टिकलेला माणूस कापडाची आतली कड बघतो हे मला माहीत असतं तर मी ती कड सरळ करून पाठवली असती.

मी बेतलं. तू गेल्यानंतर झालं सगळं. वर्षभर मीच बेततेय.

बाबांचा उजवा हात थरथरतो. एकदम झालं नाही. आधी खडूची रेघ हलायला लागली, मग म्हणाले खडू वाईट आलाय. मग कात्रीला धार नाही म्हणून तीनदा धार लावून आणली. शेवटी एका गिऱ्हाइकाचं कोटाचं कापड वाकडं कापलं गेलं, तेव्हा कात्री माझ्यासमोर ठेवली. डॉक्टर म्हणतात हे असंच राहणार, वाढू नये म्हणून गोळ्या आहेत. गिऱ्हाइकांना माहीत नाही. बाबा गळ्यात टेप घालून पुढे उभे राहतात, माप घेतात, मी पडद्यामागे बेतते. रेघ कुठे मारायची ते मागे उभं राहून सांगतात, मी चुकले तर जीभ टाळ्याला लावून आवाज करतात. तुझ्या पोशाखात तसे पुष्कळ आवाज झाले.

तुला सांगायचं नाही असं त्यांचं म्हणणं होतं. “कळलं तर पळत येईल, आणि हातातलं काम अर्धं टाकून येईल. तेवढंच निमित्त पाहिजे त्याला.” म्हणून बोलले नाही. तेव्हा तूही येऊ नकोस. आलास तर मी खोटी पडेन आणि ते खरे ठरतील.

काजांचं मात्र तुझं बरोबर आहे. ती त्यांनी केली. कोणाचीच करत नाहीत आता, तुझी केली. एका काजाला सबंध दुपार गेली. मी दोरा ओवून द्यायला गेले तर म्हणाले, “दिसतंय मला. हात हलतो, डोळे नाही.”

दुसऱ्याचं कापड मिळालं. जाळायचा आहे हे मी त्यांना सांगितलेलं नाही. कसं सांगू?

तोंडाचं वाचून मला बरं वाटलं. इस्त्रीवाल्याच्या बायकोला सांगून टाकलं, राहवलं नाही. ती म्हणाली, सगळी गल्ली येईल बघायला.

ताई

३ ऑक्टोबर

ताई,

सगळी गल्ली येऊ नये याची तू सोय कर.

तोंड माझं नाही. मोठे येणार आहेत एका दिवसासाठी. मुखवटा काढला की त्यांचं तोंड. निर्माता म्हणतो, लोक पहिल्या भागातलं तोंड ओळखतात, त्यालाच टाळ्या पडणार, तुझं तोंड बघून लोक म्हणतील हा कोण. मी डायरेक्टरना विचारलं, तुम्ही तर कबूल केलं होतं. ते म्हणाले, “अरे, अख्ख्या सिनेमाभर तूच आहेस की.” मी म्हटलं, आहे, पण मी आहे हे कोणाला माहीत? तर म्हणाले, “तुला माहीत आहे ना.” हे काय उत्तर झालं?

पाटीवर पण माझं नाव नाही. विचारून आलो. ‘खुनी’ समोर मोठ्यांचं नाव. माझं ‘सहाय्य’ च्या खाली येईल म्हणाले, जागा राहिली तर.

वरून मोठ्यांना जुना आटलेला पोशाख होत नाही, म्हणून त्यांना बाबांचा देणार. त्यांचं पोट आहे मडक्याएवढं. मला सांगितलं, तुला शिवण येतं ना, मग कुशी सोडवून दे. बाबांनी माझ्यासाठी ठेवलेली माया मी त्या माणसाच्या पोटासाठी सोडवायची.

माझे दोन प्रसंग राहिलेत. एक जिन्यावरून पडायचा, एक जळायचा. पडू दे दुसऱ्या कोणालातरी. मी बॅग भरलीय. उद्या सकाळची गाडी आहे. कुठली ते बघितलं नाही, जी आधी येईल ती. घरी येत नाही, भिऊ नकोस. घरी कुठल्या तोंडाने येणार.

हे टाकायला जातोय.

भुंग्या

९ ऑक्टोबर

भुंग्या,

तू गेला असशील तर हे पत्र परत येईल आणि इस्त्रीवाला माझ्या हातात ठेवील. तरी लिहिते.

राहा म्हणून मी सांगत नाही. तुला सांगून कधी कोणाचं चाललंय.

फक्त एवढं ऐक. दुसरा पोशाख तयार आहे. बेतला मी, पण शिवताना बाबांनी मला मशीनवरून उठवलं. सगळा हाताने शिवला. मशीनवर हात हलला तर टीप वाकडी जाते, हाताने शिवताना प्रत्येक टाक्याला थांबता येतं, असं म्हणाले. पांढऱ्या पट्टीचे सुद्धा टाके मोजून घेतलेत. इतके दिवस गिऱ्हाइकांना उद्या या, परवा या चाललंय दुकानात.

काल इस्त्री करून आणला. कागदात बांधून ठेवलाय. बाबांनी विचारलं, कधी टाकतेस टपालात?

कुठे पाठवू? पत्ता कळव.

ताई

२४ ऑक्टोबर

ताई,

पत्ता तोच.

गेलो नाही त्यात माझा काही मोठेपणा नाही. सकाळी बॅग घेऊन निघालो, तेव्हा बाबांचा पोशाख मामांच्या गच्चीवर दोरीला होता. मी ठरवलं होतं की तो इथे ठेवायचा नाही, घरचा आहे. वर गेलो तर ओला. ओला बॅगेत कोंबला तर रंग सुटून माझे सगळे शर्ट लाल. म्हणून वाळेपर्यंत बसलो. ऊन नव्हतं, लोकर लवकर वाळत नाही. मामा वर आले आणि पहिल्यांदाच माझ्याशी बोलले, “तूच का तो सगळ्यांना मारणारा? हळू मारत जा.” तेवढ्यात खालून मेकअपवालीची हाक आली, “दोन बोटं, आज एक खून वाढवलाय, पुढच्या गल्लीतली एक बाई मरणाराय, तिला मारायला ये.” मी गेलो. ती बाई पहिल्यांदाच काम करत होती, घाबरली होती, तिला सांभाळून मारावं लागलं. दुपार झाली. गाडी गेली. असेच आणखी काही दिवस गेले, मग तुझं पत्र आलं.

पत्र वाचून मी मोठ्यांसाठी कुशी सोडवायला बसलो. उसवताना आत बघितलं. बाबांनी माया नुसती दुमडून ठेवलेली नाही, तिच्या कडांनाही टाके घातलेत, आतल्या आत, जिथे कोणी बघणार नाही. दोन्ही कुशी सोडवल्या आणि टीप मारली. वाकडी आली. पुन्हा उसवली, पुन्हा मारली. थोडी कमी वाकडी आली. मग ठेवली.

मोठे आले. माणूस वाईट नाही. गुडघे धरून जिना चढतात. पोशाख घातल्यावर डाव्या खांद्यावर ही एवढी पिशवी आली, त्यांचे खांदे सरळ आहेत ना. मेकअपवालीने आत कापूस भरला तरी गेली नाही. डायरेक्टर म्हणाले, दोन मिनिटांचं काम, कोण बघतंय खांदा.

दुसरा पोशाख मिळाला. तो घालून मी जिन्यावरून पडलो. तू विचारतेस म्हणून सांगतो, गाद्या खाली असतात, पायऱ्यांवर नसतात. पाठीला निळं झालंय, बाकी ठीक. टाका उसवला नाही. आणि तो मी जाळू दिला नाही. डायरेक्टर फार तणतणले. मी जुना आटलेला पोशाख पेंढ्याच्या बाहुल्याला घातला, दुरून घ्या म्हटलं, दुरून घेतलं, छान जळला.

काम संपलं, ताई. सगळं. काल शेवटचा दिवस होता. टाळ्या वाजवल्या आणि सामान गाडीत भरलं, भरायला मीच होतो. तिसऱ्या भागाचं बोलतायत. मी म्हटलं, जळून मेलाय ना दोनदा. डायरेक्टर हसले.

बाबांना यातलं काही सांगू नकोस. दुकानाचाच नाताळबाबा राहू दे. पिक्चर तिकडे लागला तरी नेऊ नकोस. शेवटी दुसऱ्याचंच तोंड बघायचं, मग जाऊन काय करायचं.

भुंग्या

२३ डिसेंबर

भुंग्या,

तुझा पिक्चर लागला. पोस्टर दुकानाच्या बरोबर समोरच्या भिंतीवर. लाल पोशाख, हातात सळई. त्या दिवशी सकाळी शटर उघडलं आणि बाबा तिथेच थांबले. मी आत जाऊन उगाच बॉबिन भरत बसले.

संध्याकाळी दुकान लवकर बंद केलं आणि म्हणाले, “चल.” कुठे, तर म्हणाले, “खेळणी कशी वाटतो ते बघू.” म्हणजे बघ. मी चप्पल घातली.

थेटरात फार लोक नव्हते. आमच्या मागे इस्त्रीवाला आणि त्याची बायको. लोक ओरडत होते, मध्येच हसत होते, एका मुडद्याने खाजवलेलं दिसलं तेव्हा तर शिट्ट्या पडल्या. बाबा हलले नाहीत. तू पहिल्यांदा त्या बोळातून चालत आलास तेव्हा ते पुढे सरकून बसले. सळई बाहीतून काढलीस तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, “खिसा बरोबर बसलाय.” मला कुठे तोंड लपवावं कळेना. जिन्यावरून पडलास तेव्हा माझं मनगट धरलं. त्यांचा हात हलत होता, पण तो तर हलतोच.

मग मुखवटा निघाला आणि तो म्हातारा आला. इस्त्रीवाला मागून मोठ्याने म्हणाला, “हा? हा कुठे आपला भुंग्या?” त्याची बायको म्हणाली, रंग लावून म्हातारा केला असेल. आजूबाजूचे वळून बघायला लागले. मला तुझ्यापेक्षा माझीच लाज वाटली, गल्लीभर सांगून बसले होते.

बाबा मागे वळले आणि इस्त्रीवाल्याला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “हा बदली माणूस आहे. खांदा बघ, पोशाख लोंबतोय. बाकी सगळ्या पिक्चरभर आमचाच होता.” आणि पुन्हा पुढे बघायला लागले. शेवटी पाट्या वर सरकत होत्या तरी उठले नाहीत. झाडूवाला आला तेव्हा उठले. तुझं नाव आलं नाही. जागा राहिली नसेल.

घरी येऊन न जेवता कागद मागितला. मी म्हटलं, सांगा, मी लिहिते. नको म्हणाले. तीन दिवस चाललंय, रोज थोडं. अक्षर लागणार नाही कदाचित, सावकाश वाच. याच पाकिटात घालतेय. मी वाचलेलं नाही, म्हणजे वाचलंय.

ताई

भुंग्या,

पिक्चर बघितला. गोष्टीत काही राम नाही. मेलेला माणूस परत येतो तो का, ते सांगितलेलं नाही.

खेळण्याच्या दुकानाचं मला पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं. खेळण्याला चामड्याचं अस्तर लागत नाही. तुझ्या ताईला खोटं बोलता येत नाही, तिला पुन्हा सांगू नकोस. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू काम सोडलं असतंस.

पोशाखाबद्दल. चालताना उजवी बाही वर ओढली जाते, ती चूक आमची. जिन्याच्या वेळी पाठ ताणली नाही, ते बरोबर झालं. मुखवटा काढला त्या माणसाच्या कुशीला टीप वाकडी आहे. ती तू मारलीस. दोनदा उसवलीस तेही दिसतं, कापडाला भोकं राहिली आहेत. पुढच्या वेळी उसवायच्या आधी ओलं कर.

काम शेवटापर्यंत नेलंस. ते बघितलं. तोंड बघायचं राहिलं.

तिसरा भाग काढणार असतील तर जुन्या पोशाखावर भागणार नाही. त्यातली माया संपली. नवीन बेतावा लागेल. तुझी ताई बेतेल, मी मागे उभा राहीन. माप मात्र टपालाने घेत नाही. रविवारी दुकान बंद असतं, माप घ्यायला निवांत पडतं.

बाबा